कुंड्यांचा पाणी-टायमर: दिवाळी ते मे वापरून

नळाला लावायचा, ठरल्या वेळी कुंड्यांना पाणी सोडणारा, सेलवर चालणारा टायमर दिवाळीत घेतला. कसा चालतो, किती झाडांना पुरतो हे सगळ्यांना ठाऊक आहे. मी लिहायला बसले आहे ती एका रबरी वायसरसाठी.

टायमर नळाला बसतो तिथे आत जाळी आणि वायसर मिळून एकच तुकडा आहे. आमचे घर फोंड्याकडे, पाणी विहिरीचे, जांभ्यातून झिरपून येणारे. टाकीच्या तळाला तांबडा गाळ असतोच. तो जाळीत बसला की धार बारीक होते, मग जाळी काढून जुन्या टूथब्रशने घासायची. या काढण्या-घालण्यात वायसरची कड फाटली आणि एप्रिलमध्ये थेंब थेंब गळती सुरू झाली, रात्रभर. विहीर खाली गेलेली, वीज नसली तर पंप बंद, अशा दिवसांत पाणी वाया जाताना बघवत नाही.

सर्व्हिस सेंटरचे उत्तर: वायसर सुटा मिळत नाही, अख्खा टायमर बदला, रबराची झीज वॉरंटीत येत नाही. एवढ्याशा रबरासाठी चालती वस्तू फेकायची? लेखी तक्रार केली, तरी तेच. शेवटी बाजारातल्या हार्डवेअरच्या दुकानात पाऊण इंची साधा वायसर दहा रुपयांना मिळाला, जाळी कापून वेगळी बसवली. गळती बंद.

तेव्हा मी एकच स्टार देणार होते. पण मेमध्ये लग्नासाठी पुण्याला जाऊन आलो आणि मत बदलले. अबोली, तुळस, मिरची, सगळी टवटवीत. याचे श्रेय आतल्या बॉल व्हॉल्व्हला, म्हणजे भोक असलेला गोळा फिरवून पाणी सोडणाऱ्या-थांबवणाऱ्या झडपेला. सोलेनॉइडवाल्या, म्हणजे विजेच्या चुंबकाने झडप हलवणाऱ्या, बहुतेक टायमरना झडप नीट मिटायला नळाला बऱ्यापैकी दाब लागतो. टाकी डोक्यावर तीन मीटर असेल तर दाब जेमतेम ०.३ बार. बॉल व्हॉल्व्ह मोटरने फिरतो, त्याला दाबाची गरज नाही. गच्चीवरच्या टाकीवर चालवायचा असेल तर हे आधी बघा.

मात्र पाण्याची सोय झाली म्हणजे बाग सोडून जाता येते असे नाही. पाणी मिळाले की भेंडी धरतच राहते, आणि वेळेवर काढली नाही तर जून होते, पुढची फुले कमी येतात. म्हणून शेजारच्या वहिनींना सांगितले, एक दिवसाआड येऊन तोडा आणि घरी न्या. निघण्यापूर्वी तोडलेली वांगी मी फ्रिजमध्ये ठेवत नाही, थंडीने त्यांना खड्डे पडतात आणि आतल्या बिया काळवंडतात. तीही त्यांनाच दिली. मिरच्या न धुता, देठ काढून कागदात गुंडाळल्या. भिरंडे, म्हणजे कोकमाची फळे, पिकली होती, पण साली वाळवायला उन्हाचे बरेच दिवस हवेत. तेवढा वेळ नव्हता, म्हणून मीठ घालून आगळ (कोकमाचा खारवलेला रस) करायला बरणीत भरली. झाडावरून पडलेल्या कैऱ्याही मिठात चेपल्या.

टायमरला चार स्टार. सर्व्हिसला एकही नाही, आणि सुटा वायसर विकायला ठेवेपर्यंत देणारही नाही. घ्यायचा असेल तर दुकानदाराला आधी तेच विचारा.