बॉक्स सेट की नावाजलेले क्लब? साताऱ्यात राहून गोल्फ खेळणाऱ्यासाठी

पुण्यात नोकरीला असताना गोल्फची गोडी लागली आणि गावी परतल्यावरही ती सुटली नाही, अशी माणसं आता साताऱ्यात, कराडात, सांगलीत अधूनमधून भेटतात. भाड्याच्या क्लबवर, म्हणजे गोल्फच्या काठ्यांवर, हात बसलेला असतो. आता स्वतःचे घ्यायचे असतात, आणि तिथे गाडी अडते. ३०-४० हजारांत पिशवीसकट सगळं येणारा बॉक्स सेट घ्यावा, की 'एकदाच काय ते चांगलं घेऊ' म्हणून नुसत्या आयर्नला (धातूच्या पातळ डोक्याच्या, मधल्या अंतराच्या क्लबना) लाखभर आणि ड्रायव्हरला (सर्वांत लांब मारायच्या क्लबला) आणखी पन्नासएक हजार मोजावेत?

मी आधी बॉक्स सेटवर खेळलो, मग निवृत्तीच्या पैशातून घडीव (ठोकून आकार दिलेले) आयर्न घेतले, आणि आज गाडीच्या डिकीत पुन्हा बॉक्स सेट आहे. तेव्हा माझा कल कुठे आहे हे उघडच आहे. पण तो तसा का झाला हे नीट सांगायला हवं, कारण तुमची जमीन, तुमची उंची, तुमचा स्विंग वेगळा असेल तर उत्तरही वेगळं येईल.

ड्रायव्हरपासून सुरुवात करतो, कारण महागड्या क्लबची बाजू तिथे सर्वांत भक्कम आहे. डोक्याचा आकार ४६० घनसेंटिमीटरच्या वर न्यायला नियमानेच बंदी आहे आणि फेसच्या, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या बाजूच्या, उसळीवरही मर्यादा आहे. त्यामुळे चेंडू बरोबर मधोमध बसला तर स्वस्त आणि महाग यांत मला तरी विशेष अंतर दिसलं नाही. फरक दिसतो तो चुकलेल्या फटक्यात. टाचेकडे (दांड्याजवळच्या कडेला) लागलेला चेंडू बॉक्स सेटच्या ड्रायव्हरवरून निघाला की सरळ उजवीकडच्या झाडांत जातो. चांगल्या ड्रायव्हरवरून तोच चेंडू वाकतो, पण फेअरवेच्या (कापलेल्या हिरवळीच्या पट्ट्याच्या) कडेला का होईना, राहतो. एखादाच महागडा क्लब घ्यायचा असेल तर तो ड्रायव्हर असावा, आणि तोही दोन-तीन वर्षं वापरलेला मिळाला तर उत्तम, असं माझं मत आहे.

आयर्नबद्दल मात्र मला थोडं सविस्तर बोलू द्या, कारण माझी सगळी नोकरी कास्टिंगमध्ये गेली. आपला पट्टाच फाउंड्रीचा. किर्लोस्करवाडी १९१० पासूनची, खाली कोल्हापूर-शिरोलीला तर विचारायलाच नको. अशा भागातली माणसं गोल्फच्या दुकानात जाऊन 'ते काय, कास्ट आहेत' म्हणून नाक मुरडतात तेव्हा मला खरंच वाईट वाटतं. गोल्फचे ओतीव आयर्न मेणाच्या साच्यातून येतात. मेणाचा नमुना करायचा, त्यावर सिरॅमिकचे थर चढवायचे, मेण वितळवून काढायचं आणि त्या पोकळीत स्टील ओतायचं. या पद्धतीत धातू हवा तिथे ठेवता येतो. फेसच्या मागचा भाग पोकळ करून वजन कडेला नेलं की चेंडू मधोमध नाही लागला तरी डोकं हातात कमी फिरतं.

हा विचार गोल्फमध्ये रुजवला तो कार्स्टन सोल्हाइम यांनी. जनरल इलेक्ट्रिकमधला हा इंजिनियर. पटर (चेंडू घरंगळवत भोकात घालायचा क्लब) नीट चालेना म्हणून स्वतः करायला बसला, १९५९ साली पिंग सुरू केली, १९६६ मध्ये अ‍ॅन्सर पटर आणला आणि १९८२ मध्ये आय-टू हे आयर्न. त्या काळी ती महागातली गोष्ट होती. आज कडेला वजन असलेलं पोकळ पाठीचं ओतीव आयर्न ३० हजारांच्या संचातसुद्धा येतं. बॉक्स सेट पैसे वसूल करतो म्हणतात त्याचं निम्मं कारण हेच आहे.

घडीव आयर्नचं सुख वेगळं, हे मी मान्य करतो. १०२० किंवा १०२५ जातीचं मऊ कार्बन स्टील, वरून निकेल-क्रोमचा मुलामा. चेंडू फेसच्या मधोमध बसला की हाताला काही लागलंच नाही असं वाटतं, आणि मान वर करायच्या आधी कळतं की चेंडू कुठे गेला असेल. ते सुख मी मनापासून उपभोगलं आहे. पण त्याच मऊपणापायी ते आयर्न शेवटी माझ्याकडे टिकले नाहीत.

माझा सराव घरामागच्या रानात चालतो. ज्वारी निघाली की ते मोकळं होतं. वर बोटभर माती, खाली मुरूम, आणि मधूनमधून डोकं वर काढलेले काळे दगड. आयर्नचा फटका नीट बसायचा तर क्लब वरून खाली यायला हवा, आधी चेंडू आणि मग लगेच जमीन. पुण्याच्या कोर्सवर तिथे हिरवळीचा तुकडा उडतो. आमच्या रानात क्लबच्या तळाखाली मुरूम खरडला जातो, आणि कधी दगड लागतो. पहिल्याच हंगामात माझ्या नऊ नंबरच्या पुढच्या धारेवर तांदळाच्या दाण्याएवढी खोक पडली. नख फिरवलं की अडकायचं. पावसाळाभर पिशवी घरातच होती. गणपतीच्या सुमारास क्लब बाहेर काढले तर खोकेच्या कडेने क्रोम उचलला होता आणि खालचं स्टील तपकिरी पडलं होतं. पॉलिश पेपर मारला, तेल पुसलं. ते थांबलं, पण पुढच्या उन्हाळ्यात सात नंबरवर तशाच दोन खोका.

नुसतं दिसण्याचं दुःख असतं तर मी ते सोसलं असतं. दुखणं निराळंच होतं. चेंडूसमोर उभं राहिलं की डोळा आधी जमिनीवर जायचा. इथे दगड आहे का, तिथे माती खोल आहे का, चेंडू पायाने जरा सरकवू का. क्लब खाली यायच्या वेळेला हात आपोआप आखडायचे आणि चेंडू वरच्या वर उचलला जायचा. कोर्सवर गेलं तरी ही सवय बरोबर यायची, कारण एप्रिल-मे महिन्यांत फेअरवे सोडून दोन पावलं बाजूला गेलं की पुण्यातली जमीनही काही मऊ नसते. पुण्यातल्या मित्रांनी मॅट आणायला सुचवलं. मॅट मी वापरली आहे. क्लब चेंडूच्या दोन बोटं मागे जरी आपटला तरी मॅटवरून तो सरकत पुढे येतो आणि चेंडू बरा जातो. खऱ्या जमिनीवर तोच फटका निम्म्या अंतरावर पडतो. सराव खरा हवा असेल तर जमीनच हवी, आणि आपल्याकडची जमीन ही अशी आहे.

बॉक्स सेट पुन्हा काढला त्या दिवशी हा सगळा विचार डोक्यातून गेला. त्याचं स्टेनलेस कडक आहे. चांगल्या बॉक्स सेटमध्ये ४३१ किंवा १७-४ जातीचं वापरतात (१७-४ म्हणजे साधारण १७ टक्के क्रोमियम आणि ४ टक्के निकेल). तळावर ओरखडे भरपूर पडलेत, पण धार जाग्यावर आहे आणि गंजाचं नाव नाही. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे मी पुन्हा बिनधास्त खाली मारू लागलो. माझा खेळ किती सुधारला हे आकड्यांत सांगता येणार नाही, पण ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या बारीक हिरवळीच्या) अलीकडे पडणारे चेंडू कमी झाले हे माझी पिशवी उचलणाऱ्या कॅडीच्याही लक्षात आलं.

न्यायाची गोष्ट म्हणून हेही सांगतो की महागड्या कंपन्यांतही ओतीव स्टेनलेसचे आयर्न मिळतात आणि त्यांना माझी ही तक्रार लागू नाही. पण मग तिप्पट पैसे कशाचे, हा प्रश्न उरतो. थोडे अचूक वजन, बरा शाफ्ट (दांडा), नीट बसवलेली ग्रिप (मूठ). आठवड्यातून दोनदा खेळणाऱ्याला ते जाणवेल. महिन्यातून एखाद-दोनदा खंबाटकी ओलांडून जाणाऱ्याला कितपत जाणवेल, याबद्दल मी साशंक आहे.

बॉक्स सेटमध्ये एक मोठी उणीव आहे आणि दुकानदार ती आपण होऊन सांगत नाही. पिचिंग वेजचा (ग्रीनजवळून उंच मारायच्या क्लबचा) लॉफ्ट, म्हणजे फेसचा कल, साधारण ४५ अंशांचा असतो आणि त्याच्यानंतर एकदम सँड वेज, ५५-५६ अंशांचा. एरवी दोन आयर्नमध्ये चार-पाच अंशांचं अंतर असतं, इथे दहा-अकरा. माझा पिचिंग वेज शंभर यार्ड जातो, सँड वेज पंचाहत्तर. म्हणजे ग्रीनपासून पंच्याऐंशी-नव्वद यार्डांवर, जिथे चार फटक्यांचं होल वाचवायचं असतं, तिथे हातात क्लबच नाही. अर्धा स्विंग करून भागवता येतं, पण अर्धा स्विंग रोज खेळणाऱ्याचं काम आहे. यावर उपाय सोपा आहे. ५० अंशांचा एक सुटा वेज घ्या, कुठल्याही कंपनीचा, वापरलेला चालेल. नियमाने पिशवीत १४ क्लब चालतात आणि बॉक्स सेटमध्ये बहुधा नऊ ते अकराच असतात, त्यामुळे जागा भरपूर आहे. महागडे घेतले म्हणजे हा प्रश्न सुटतो असंही समजू नका. लांब जावेत म्हणून हल्ली त्यांचे लॉफ्ट आणखी उभे केलेत. पिचिंग वेजच ४२-४३ अंशांचा, आणि मधला वेज तिथेही बऱ्याचदा वेगळा विकत घ्यावा लागतो.

दुसरी उणीव शाफ्टची, आणि ती काहींच्या बाबतीत निर्णायक ठरेल. बॉक्स सेट बहुधा एकाच लवचिकतेत येतो, त्यावर रेग्युलर लिहिलेलं असतं. रेग्युलर म्हणजे नेमकं किती, याचं सगळ्या कंपन्यांना लागू असं माप नाही. माझ्यासारख्या साठीतल्या माणसाला तो शाफ्ट चालतो. तालमीत अंग कमावलेला एखादा पंचविशीचा पोरगा तोच क्लब पूर्ण ताकदीने फिरवू लागला तर डोकं शाफ्टच्या पुढे येतं आणि चेंडू डावीकडे वळत राहतो. त्याने बॉक्स सेट घेऊ नये. स्टीलचा, जरा कडक शाफ्ट असलेले नावाजलेले आयर्न जुने का होईनात, तेच घ्यावेत.

तसंच उंचीचं. सहा फुटांच्या बऱ्याच वर किंवा सव्वापाच फुटांच्या खाली असाल तर क्लबचा तळ जमिनीवर सपाट बसत नाही. पुढचं टोक वर राहिलं तर चेंडू डावीकडे, टाच वर राहिली तर उजवीकडे. घडीव आयर्न मापाच्या यंत्रात धरून एक-दोन अंश वाकवून देता येतो. कडक ओतीव स्टीलला ते सहज जमत नाही, आणि स्वस्तातल्या जस्ताच्या डोक्याला तर हात लावायचाच नाही, मोडतं. फिटिंगला, म्हणजे क्लब आपल्या मापाचे करून घेण्याला, किंमत आहे ती इथे, आणि अशा माणसाला मी बॉक्स सेट घ्या असं म्हणणार नाही. विकायची वेळ आली तर नावाजलेल्या आयर्नला गिऱ्हाईक मिळतं, हाही त्यांचा गुण. माझे खोका पडलेले असूनही पुण्यातल्या एका मित्राने आनंदाने नेले. बॉक्स सेटला मात्र वापरल्यावर फारशी किंमत येत नाही.

आता पैशांचं. आपल्या भागातल्या खेळाडूचा पैसा क्लबपेक्षा रस्त्यावर जास्त जातो. आणेवाडीचा टोल, खेड-शिवापूरचा टोल, जाऊन-येऊन सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास पेट्रोल. पुढे बावधनच्या ऑक्सफर्डला खेळा नाहीतर येरवड्याला पूना क्लबच्या कोर्सवर, ग्रीन फी आणि कॅडीचे पैसे आहेतच. क्लबमध्ये दोन लाख अडकवले की मन म्हणतं, या महिन्यात जायला नको. तेच पैसे हातात राहिले तर वर्षभर जाता येतं, आणि शिकवणाऱ्याकडे काही तास घेता येतात. तासभर कुणी उभं राहून तुमची पकड सुधारली तर त्याचा जो उपयोग होतो, तो कुठल्याही डोक्याच्या धातूने होताना मी पाहिलेला नाही.

म्हणून माझा तराजू असा झुकतो: चाळिशी-पन्नाशीतला, मध्यम उंचीचा, महिन्यातून एक-दोनदा पुण्याला जाणारा आणि बाकी दिवस रानात किंवा माळावर सराव करणारा माणूस असेल तर बरा बॉक्स सेट आणि त्यात ५० अंशांचा एक सुटा वेज.

घ्यायला जाल तेव्हा खिशात लहानसं चुंबक ठेवा. आयर्नच्या डोक्याला लावून बघा. ४३१ आणि १७-४ दोन्हींना ते चिकटतं, जस्ताला चिकटत नाही. चिकटलं नाही तर तो संच कितीही स्वस्त असो, सोडा. पिचिंग वेज आणि सँड वेजचा लॉफ्ट विचारून लिहून घ्या, दुकानदाराला माहीत नसेल तर कंपनीच्या तक्त्यात असतो. डोकं आणि शाफ्ट यांच्यामधला काळा प्लॅस्टिकचा कॉलर घट्ट बसलाय का, क्लब कानाजवळ धरून हलवल्यावर आत काही खुळखुळतं का, तेवढं बघा. ग्रिप बेताचीच असणार, त्यावरून संच नाकारू नका. वर्षभराने ती कडक झाली की जुनी कापून काढायची, शाफ्टवर दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावायची, टेपवर आणि नव्या ग्रिपच्या आत मिनरल टर्पेंटाइन ओतायचं आणि एका दमात सरकवायची. रात्रभर वाळू द्या, सकाळी खेळायला तयार. साताऱ्यात हे करून देणारं दुकान मला सापडलेलं नाही, पण घरच्या ओट्यावर सहज होतं.