घरच्या लिनक्स पीसीला राउटर कुठला घ्यावा? आर्चर सी६ वापरून झाल्यावरचं मत

विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, जुन्या पीसीवर ११ काही चढत नाही, त्यामुळे ओळखीतल्या बऱ्याच जणांनी मिंट नाहीतर उबुंटू (दोन्ही लिनक्सच) टाकून घेतलंय आणि मस्त चाललंय त्यांचं. पण त्यानंतर हमखास एक प्रश्न येतो, "आता याला चालेल असा मोडेम कुठला घेऊ?" पुण्यात कोथरूडला आमच्या बिल्डिंगमध्येच हे इतक्या वेळा सांगून झालंय की म्हटलं एकदा सविस्तर लिहूनच टाकावं, आणि सोबत मी वापरतोय त्या टीपी-लिंक आर्चर सी६ बद्दल पण.

पहिली गोष्ट, लिनक्सला चालणारा राउटर असा काही वेगळा प्रकार नसतो. राउटरमधून लॅनची केबल काढून पीसीला खोचली की आपोआप आयपी पत्ता (डीएचसीपीने) मिळतो आणि नेट सुरू, ना ड्रायव्हर ना सीडी. २००५ च्या सुमाराला बीएसएनएलचं डेटावन आलं तेव्हा हा प्रश्न खरंच होता, कारण काही मोडेमना यूएसबी आणि लॅन अशी दोन्ही पोर्ट असायची आणि यूएसबीने जोडलं तर लिनक्सवर फर्मवेअर (उपकरणात भरायचं सॉफ्टवेअर) शोधत बसायला लागायचं, लॅनने जोडलं की कटकट संपली. तो नियम आजही तसाच लागू आहे, पीसीकडून जो काहीच मागत नाही तो राउटर चांगला. म्हणजे लॅनने जोडला जातो, सेटिंग ब्राउझरमधून होतं (फक्त मोबाईल ॲपमधूनच सेट होणारे डबे मी घेऊ देत नाही कुणाला), आणि जमलं तर त्याच्यावर ओपनडब्ल्यूआरटी (राउटरसाठीचं लिनक्स) चढतं. बॉक्सवर एसी किती आणि एएक्स किती हे वायफायच्या स्पीडचे मोठ्ठे आकडे छापलेले असतात ते नंतर बघायचे.

आता दुकानात होणारा घोळ. आमच्या वरच्या मजल्यावरचे काका शहरात जाऊन "मोडेम द्या" म्हणाले, दुकानदाराने एडीएसएल मोडेम राउटर दिला, मागे फोनच्या वायरीचं बारकं पोर्ट असलेला. घरी फायबर. काका मला म्हणतात, "अरे, याच्यात ती पिवळी वायर बसतच नाहीये." म्हटलं काका, ती बसणारच नाही, तुम्हाला मोडेम नको होता, राउटर हवा होता. दुकानदाराने "घरी कनेक्शन कुठलंय" एवढं विचारलं असतं तर काकांचा हेलपाटा वाचला असता. तर नीट लक्षात घ्या, फायबरची वायर ज्यात जाते तो डबा म्हणजे ओएनटी, तो कनेक्शन देणारा देतो आणि त्याच्या सिरीयल नंबरवर तुमचं कनेक्शन बांधलेलं असतं, म्हणून बाहेरून आणलेला ओएनटी नुसता लावून चालत नाही, त्यांच्या बाजूने नोंद करावी लागते. आपण विकत घ्यायचा तो राउटर, ज्याला निळं किंवा वेगळ्या रंगाचं वॅन (बाहेरचं नेट आत येण्याचं) पोर्ट असतं, लॅनच्याच मापाचं. ओएनटीमधून केबल काढायची आणि वॅनमध्ये घालायची.

"पण ओएनटीमध्येच वायफाय आहे की, मग राउटर कशाला?" हे पण ऐकतो. नुसतं यूट्यूब आणि व्हॉट्सॲप असेल तर खरंच नका घेऊ, पैसे वाचवा. पण घरी लिनक्स आहे म्हणजे पुढेमागे तुम्ही बाहेरून एसएसएच करणार (म्हणजे दुरून पीसीच्या टर्मिनलमध्ये शिरणार), जुन्या हार्ड डिस्कचा फाईल सर्व्हर बनवणार, जाहिराती अडवायला स्वतःचा डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारा) चालवणार, आणि तिथे कंपनीचा डबा आडवा येतो. बऱ्याचदा डीएनएस बदलायची सोय बंद असते, ॲडमिनचा पासवर्ड आपल्याला देत नाहीत, आणि बाहेरून ते कधीही सेटिंग बदलू शकतात. आपल्या घरातल्या नेटवर्कची किल्ली आपल्याकडे असावी एवढी साधी अपेक्षा आहे माझी.

आता सी६. एसी१२०० चा राउटर आहे, म्हणजे २.४ गिगाहर्ट्झवर ३०० आणि ५ वर ८६७ एमबीपीएस (कागदावर, प्रत्यक्षात निम्मा मिळाला तरी खूश व्हायचं), वॅन आणि चारही लॅन गिगाबिट. गिगाबिटवर माझा फार जोर आहे कारण दिसायला तसेच असणारे स्वस्तातले बरेच राउटर, अगदी आर्चर सी२० सुद्धा, १०० एमबीपीएसच्या पोर्टचे असतात, तुम्ही २०० चा प्लॅन घ्या नाहीतर ३०० चा, केबलवर ९४-९५ च्या पुढे काटा जात नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे व्हर्जन. एकाच नावाखाली आतलं सर्किट बदललेलं असतं, सी६ चं व्हर्जन २ क्वालकॉमच्या चिपवर आहे आणि व्हर्जन ३ मीडियाटेकच्या एमटी७६२१ वर, १६ एमबी फ्लॅश आणि १२८ एमबी रॅम. मी ३ घेतलाय. दुकानात बॉक्स उघडायला लावा आणि राउटर उलटा करून खालच्या स्टिकरवर व्हर्जन वाचा, मग तिथेच मोबाईलवर ओपनडब्ल्यूआरटीच्या साइटवरच्या हार्डवेअरच्या यादीत तेच व्हर्जन आहे का बघा, नुसतं सी६ दिसलं म्हणून पैसे देऊ नका. ऑनलाइन मागवताना हे जमत नाही, म्हणून मी पुण्यातल्या तपकीर गल्लीत (इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार) जाऊन घेतला. गर्दी, पार्किंगची बोंब सगळं मान्य, पण वस्तू हातात घेऊन बघता येते.

ओपनडब्ल्यूआरटी म्हणजे राउटरवर चालणारं लिनक्सच. २००२ च्या शेवटी लिंक्सिसने डब्ल्यूआरटी५४जी आणला, आत लिनक्स आहे हे लोकांनी शोधून काढलं, जीपीएल लायसन्समुळे कंपनीला सोर्स कोड खुला करावा लागला आणि त्यातूनच २००४ मध्ये हा प्रकल्प उभा राहिला, नावातलं डब्ल्यूआरटी तिथलंच. आज माझ्या घरचा सी६ त्याच्याच नवीन रिलीजवर चालतो, कंपनीने अपडेट द्यायचं बंद केलं तरी डबा कचऱ्यात जात नाही, याचं मला फार मोल वाटतं.

व्हर्जन ३ ला ओपनडब्ल्यूआरटीची फॅक्टरी इमेज (पहिल्यांदा चढवायची फाईल) कंपनीच्याच फर्मवेअर अपग्रेडच्या पानातून चढते, स्क्रू काढायला लागत नाहीत. चढवल्यावर वायफाय मुळात बंद असतं, त्यामुळे लॅन केबल आधीच लावून ठेवा, नाहीतर डबा मेला असं वाटून घाबरायला होतं. दुसरं म्हणजे राउटरचा पत्ता होतो १९२.१६८.१.१, आणि बऱ्याच ओएनटींचा पत्ता पण नेमका तोच. दोघं एकाच पत्त्यावर भांडत बसतात आणि नेट येतच नाही, लोक कनेक्शनवाल्याला फोन करत राहतात. आधी राउटरचा लॅन पत्ता १९२.१६८.१०.१ करा, मग ओएनटीची केबल खोचा.

ओएनटी ब्रिज मोडमध्ये (स्वतः राउटरचं काम न करता नेट नुसतं पुढे देतो) टाकून घेतला तर सोन्याहून पिवळं, मग पीपीपीओईचा (कनेक्शनच्या लॉगिनचा) युजरनेम पासवर्ड राउटरमध्येच भरायचा. आमच्याकडचा माणूस आधी "साहेब, तसं नाही करत आम्ही" म्हणाला, पण चिकाटीने ऑफिसला फोन केल्यावर झालं, व्हीलॅन (त्यांच्या नेटवर्कमधल्या आपल्या वाटेचा) नंबर पण त्यांनीच सांगितला (तो लिहून ठेवा, परत विचारायला गेलं की नवीन माणूस असतो). काही लोकल केबलवाले मॅक ॲड्रेसवर (उपकरणाच्या हार्डवेअर नंबरवर) कनेक्शन बांधतात, तिथे जुन्या उपकरणाचा मॅक राउटरमध्ये भरला की काम होतं.

ब्रिज केल्यावर काहींना विचित्र त्रास होतो, गूगल उघडतं, बँकेची साइट अर्ध्यात लटकते. दोष लिनक्सला देतात. तो एमटीयूचा (एका पॅकेटमध्ये जास्तीत जास्त किती बाइट मावतात त्याचा) मामला असतो, पीपीपीओई आठ बाइट खातं म्हणून १५०० चं १४९२ होतं. टर्मिनलमध्ये पिंगला तुकडे करायची मनाई करून १४६४ साइझ देऊन बघा, हेडरचे २८ धरून बरोब्बर १४९२ होतात. ते गेलं आणि १४६५ अडकलं तर सगळं ठीक आहे. १४६४ च अडकलं तर राउटरमध्ये एमटीयू आणि एमएसएस क्लॅम्पिंग (पॅकेट त्या मापात बसवणारं सेटिंग) तपासा. ओपनडब्ल्यूआरटीमध्ये वॅन झोनला ते क्लॅम्पिंग आधीपासून चालू असतं, मला हात पण लावायला लागला नाही.

गिगाबिट राउटर लावूनही स्पीड ९४ वर अडकला होता आमच्याकडे. इथे लिनक्सचा खरा फायदा दिसतो बघा, टर्मिनलमध्ये एथटूल आणि पुढे नेटवर्क कार्डचं नाव टाकलं की स्पीडची ओळ दिसते, तिथे हजारऐवजी शंभर. राउटर चांगला, कार्ड चांगलं, मग उरली केबल. कनेक्शन जोडायला आलेल्या मुलाने क्लिप मारताना आठपैकी चारच तारा बसवल्या होत्या, निळी आणि तपकिरी जोडी मागे कापून टाकलेली, पारदर्शक प्लास्टिकमधून नीट बघितलं तर स्वच्छ दिसत होतं. शंभरला चार तारा पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. नवीन कॅट ६ ची तयार केबल लावली, एथटूलने हजार दाखवले, विषय संपला. राउटर बदलण्याआधी सगळ्यांनी हे एकदा बघाच, फुकट आहे.

संध्याकाळी मुलं सिरीज बघतायत, कुणाचा तरी फोन फोटोंचा बॅकअप घेतोय आणि तुमचा व्हिडिओ कॉल रोबोटसारखा बोलायला लागतो, त्यावर एसक्यूएम नावाचं पॅकेज (नेटची रांग नीट लावणारं) टाका आणि त्यात केक ही पद्धत निवडा. प्लॅनच्या नव्वद टक्क्यांच्या आसपास स्पीड भरायचा, थोडा स्पीड जातो पण कॉल लोण्यासारखे चालतात. १०० च्या प्लॅनला सी६ चा प्रोसेसर सहज पुरतो. तीनशे-पाचशेचा प्लॅन असेल तर मात्र एसक्यूएम बंद ठेवून फायरवॉलमधलं हार्डवेअर फ्लो ऑफलोडिंग (प्रोसेसरऐवजी हार्डवेअरच पॅकेट पुढे ढकलतं) चालू करा, दोन्ही एकत्र काम करत नाहीत.

वायफायचं काय? लिनक्सवर डोकं फिरवणारी वस्तू ही आहे, राउटर नाही. पीसीला लावायचे ते बोटाएवढे यूएसबी डोंगल, त्यातल्या बऱ्याच रियलटेक चिपना वर्षानुवर्षं कर्नलमध्ये (लिनक्सच्या गाभ्यात) ड्रायव्हरच नव्हता, बाहेरून आणून डीकेएमएसने (कर्नल बदलला की ड्रायव्हर परत बांधणारं साधन) बसवायचा आणि कर्नल अपडेट झाला की कधीतरी वायफाय गायब. नवीन कर्नलमध्ये बरीच सुधारणा झालीये, तरी डोंगल घ्यायचाच असेल तर मीडियाटेक चिपचा शोधा, आणि लॅपटॉपमध्ये कार्ड बदलणार असाल तर इंटेल. पीसी दुसऱ्या खोलीत आहे आणि केबल नेता येत नाही अशांना मी सांगतो, डोंगलच नको, क्लायंट मोड असलेला छोटा राउटर घ्या (टीएल-डब्ल्यूआर८०२एन सारखा), तो वायफाय पकडतो आणि पीसीला लॅनने देतो. पीसीला वाटतं केबल आहे. काकांकडे हेच केलंय, मिंटचे अपडेट बिनधास्त टाकतात ते आता. आणि इन्स्टॉल करताना नेटच नसेल तर अँड्रॉइड फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा, लगेच चालतं.

बाहेरून घरच्या पीसीत शिरायचं असेल तर राउटरच्या वॅनचा पत्ता बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मध्ये असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या (बऱ्याच ग्राहकांना मिळून एकच बाहेरचा पत्ता) मागे आहात आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं कनेक्शन पीसीकडे वळवणं) कितीही केलं तरी उपयोग नाही, राउटर बदलूनही नाही. आयपीव्ही६ (नवीन पद्धतीचा पत्ता) मिळत असेल तर त्याने जा आणि राउटरवर वायरगार्ड (व्हीपीएन) टाका, २०२० पासून ते कर्नलमध्येच आहे.

सी६ मध्ये न आवडलेलं पण सांगतो. यूएसबी पोर्ट नाही, त्यामुळे हार्ड डिस्क लावता येत नाही. ५ गिगाहर्ट्झची रेंज ठीकठाक, आमची बिल्डिंग जुनी, नऊ इंची भिंती, हॉलमधून मागच्या बेडरूमपर्यंत सिग्नल अगदी पडतो. २.४ वर पोचतं पण सोसायटीत इतके राउटर आहेत की सगळे एकमेकांच्या अंगावर, १, ६ आणि ११ पैकी त्यातल्या त्यात मोकळा चॅनल बघून पक्का करा, ऑटोवर ठेवू नका. वायफाय ६ हवंच असेल तर आर्चर एएक्स२३ बघा, त्यावर ओपनडब्ल्यूआरटी चढतं. एएक्स१० वर नाही, त्यात ब्रॉडकॉमची चिप आहे आणि त्यांच्या वायफायला खुला ड्रायव्हर नाही, त्यामुळे थोडे पैसे वाचतात म्हणून तिकडे वळू नका.

दोन-अडीच हजारात सी६ मिळतो, त्या पैशात मला तरी याच्याहून समाधानकारक काही दिसलं नाही. त्याच फेरीत १२ व्होल्टचा मिनी यूपीएस पण घ्या, गुरुवारी दुरुस्तीसाठी लाईट गेली की नेट चालू राहतं. फक्त ओएनटी आणि राउटर दोन्हींच्या ॲडाप्टरवर छापलेले व्होल्ट-अँपिअर वाचून, बेरीज करून, त्याहून जास्त अँपिअरचा घ्या आणि दोन आउटपुट असलेला घ्या, नुसता राउटर चालू राहून फायबरचा डबा बंद पडला तर काहीच उपयोग नाही.