परक्या शहरात महिनाभर: हॉस्टेल की फ्लॅट?

लांबच्या परदेश प्रवासात एखाद्या शहरात महिनाभर मुक्काम ठोकायचा, तर पहिला प्रश्न राहण्याचा. मी दोन्ही करून पाहिलंय.

हॉस्टेल स्वस्त पडतं हे खरं, पण त्याची मोठी जमेची बाजू म्हणजे माणसं. पोचल्या रात्री सामायिक स्वयंपाकघरात भांडी घासता घासता एका मुलीने मला चिटोऱ्यावर बसचा नंबर आणि सिमकार्डाच्या दुकानाची खूण लिहून दिली. तो चिटोरा आठवडाभर खिशात होता. घड्याळातल्या दर तासाच्या फरकामागे शरीराला जुळवून घ्यायला साधारण एक दिवस लागतो. त्या गुंगीच्या दिवसांत बोलायला कुणी असणं फार मोलाचं. झोपेचं मात्र खोबरं होतं. ८ जणांच्या खोलीत पहाटे ४ ला कुणाची तरी बॅग भरणं चालूच असतं, आणि ओळख झालेली माणसं दोन दिवसांत पुढे निघून जातात.

फ्लॅटमधले पहिले दिवस खायला उठतात. पण मग किल्ली जरा वर उचलून फिरवायची, हे हाताला कळतं. कचरा कोणत्या वारी बाहेर ठेवायचा ते कळतं. जिन्यात भेटणाऱ्या आजी मान हलवून ओळख दाखवतात. हे हॉस्टेलात कधीच होत नाही, आणि माझ्या लेखी शहरात रुजणं ते हेच. शिवाय २८ रात्रींच्या पुढे बरेच घरमालक मासिक सवलत देतात.

म्हणून मी आता पहिल्या ४-५ रात्री हॉस्टेलात काढते आणि तेवढ्यात फ्लॅट शोधते. पैसे भरण्याआधी अंधार पडल्यावर त्या गल्लीतून एकदा चालून येते.