घडीचा पियानो सुट्टीत कितपत कामाचा? सात-आठ महिन्यांच्या वापरानंतर

आधी निकाल सांगते, कारणं मागाहून. घडीचा, म्हणजे मधोमध दुमडून मिटणारा, 88 पट्ट्यांचा पियानो हा पियानो नव्हे. पण गावी नेऊन रोज अर्धा तास त्याच्यापुढे बसलं, तर मुंबईत परतल्यावरचा पहिला आठवडा फुकट जात नाही. तेवढ्यासाठी दहा हजारांच्या आतबाहेर पैसे घालायचे का, हे ज्याचं त्याने ठरवावं. मी घातले आणि मला पटले. फक्त जाहिरातीत जी कारणं दिली होती, त्यांच्यासाठी नाही.

मी पार्ल्यात राहते, बँकेत नोकरी करते, चाळिशीनंतर पियानो शिकायला लागले. घरी यामाहाचा पी-45 हा डिजिटल पियानो आहे. वजन साडेअकरा किलो, लांबी 132 सेंटिमीटर. तो एकदा भिंतीला लागला की लागला, त्याला गाडीच्या डिकीत घालायचा विचार नवऱ्यापुढे बोलूनही दाखवायचा नसतो. आणि आमच्याकडे सुट्ट्या ठरलेल्या: मे महिन्यात राजापूरजवळ सासरी, गणपतीला पुन्हा तिथेच, दिवाळीत कुठेतरी बाहेर. माहीमच्या आमच्या पियानोच्या मिस सुट्टीवरून आलेल्या विद्यार्थ्याचं एक स्केल, म्हणजे ओळीने चढते-उतरते सूर, ऐकतात आणि चष्म्यावरून बघत विचारतात, "सो, हाऊ वॉज गोवा?" गोव्याला गेलेलो असो वा नसो, प्रश्न तोच.

म्हणून एप्रिलमध्ये हे वाद्य ऑनलाइन मागवलं. कंपनीचं नाव देत नाही, कारण एकाच साच्यातून निघालेली ही वाद्यं पाच-सहा नावांनी विकली जातात आणि तक्रारी सगळ्यांच्या सारख्याच असाव्यात असा माझा संशय आहे. मधोमध बिजागरी, मिटलं की खांद्याला लावायच्या पिशवीत बसतं, आत चार्ज होणारी बॅटरी, सोबत पायाने दाबून सूर लांबवायचं एक छोटं पेडल.

आता त्या बिजागरीबद्दल, कारण विकणारे त्याबद्दल चकार शब्द काढत नाहीत. 88 चे दोन सारखे भाग केले की 44 इकडे, 44 तिकडे. डावीकडून मोजत गेलं तर चाळिसावी पट्टी म्हणजे मधला सी, चव्वेचाळिसावी ई आणि पंचेचाळिसावी एफ. ई आणि एफच्या मध्ये काळी पट्टी नसते, त्यामुळे वाद्य कापायला ही जागा आयतीच मिळते. इथवर हुशारी आहे. पण उजव्या हाताने सी मेजर स्केल वाजवणाऱ्याला विचारा. सी, डी, ई वर पहिली तीन बोटं, आणि मग अंगठा तळहाताखालून सरकून नेमका एफवर येतो. शिकवणारे जी जागा सगळ्यात आधी आणि सगळ्यात जास्त घोटून घेतात, बरोबर तिथे मिलिमीटरभराची फट. सपाट टेबलावर ती जाणवत नाही. टेबल जरा जरी डुगडुगतं असलं की उजवा भाग किंचित वर येतो आणि अंगठ्याची कड एफच्या कडेला अडकते. मी बिजागरीखाली वर्तमानपत्राची घडी सारते, मग ठीक चालतं. गावी ती घडी रोज नव्याने करावी लागते, कारण जुनी कुणीतरी चूल पेटवायला नेलेली असते.

बसायची व्यवस्था हा दुसरा मोठा प्रश्न. पियानोवर कोपर साधारण पट्ट्यांच्या पातळीत हवं. जेवणाच्या टेबलावर वाद्य ठेवलं की पट्ट्या छातीशी येतात, खांदे आपोआप वर जातात आणि दहा मिनिटांत मान धरते. खुर्चीवर दोन उशा घेऊन हे सुटतं. सासरी टेबल नाहीच. चौरंग चांगला झाला असता, पण गणपतीच्या दिवसांत चौरंगावर कोण बसलेलं असतं ते सांगायला नको. शेवटी दोन पाट शेजारी शेजारी, त्यावर वाद्य, आणि मी खाली मांडी घालून. हातांना हे आश्चर्यकारक सोयीचं पडतं. पायांना नाही, कारण मांडी घातल्यावर पेडल कशाने दाबणार? खुर्चीवर बसून प्रयत्न केला तर ते हलकं पेडल कोब्याच्या जमिनीवर घसरत थेट माजघराच्या दिशेने निघालं. तेव्हापासून गावी पेडल बॅगेतच राहतं. याचा एक फायदा असा की दोन स्वर जोडायचं काम बोटांवर येऊन पडतं, आणि एरवी पेडलखाली झाकलेले सगळे खड्डे उघडे पडतात. मिसना हे भयंकर आवडलं.

चुलतसासूबाईंनी, म्हणजे काकींनी, पहिल्या दिवशी वाद्याला प्रदक्षिणा घालून विचारलं, "अगो, ही कसली पेटी? हिला भाता कुठाय?" भाता नाही, बॅटरी आहे म्हटल्यावर, "मग काढ की आरतीला बाहेर." काढली. पहिल्याच झांजेला तिचा आवाज संपला. स्पीकर एवढासाच आहे. मधली सप्तकं खोलीपुरती ठीक, खालची दोन नुसती घोंघावतात. हेडफोन लावले की आवाज बराच सुधारतो, आणि दुपारी घर झोपलेलं असताना तोच एक मार्ग असतो. हेडफोन मात्र वायरचेच घ्या. ब्लूटूथच्या हेडफोनमध्ये पट्टी दाबल्यावर आवाज क्षणभर उशिरा येतो. गाणी ऐकताना तो उशीर कळत नाही, पण वाजवताना आपणच आपल्या मागे धावत राहतो. वीज गेली तरी वाद्य चालतं, हे वेगळं सांगायला हवं का? पावसाळ्यातल्या कोकणात हा सगळ्यात मोठा गुण.

स्पर्शाबद्दल मात्र मन घट्ट करून वाचा. खऱ्या पियानोची पट्टी सुमारे 10 मिलिमीटर खाली जाते आणि ती हलवायला 50 ग्रॅमच्या आसपास वजन लागतं. पी-45 मध्ये हातोड्यांची नक्कल आहे, खालच्या सुरांना पट्टी जड, वरच्यांना हलकी. घडीच्या वाद्यात पट्टी खाली जाते न जाते तोच तळाला टेकते. पट्ट्यांची रुंदी पूर्ण आहे, पण लांबी कमी, त्यामुळे काळ्या पट्ट्यांच्या मध्ये बोट आत घालायची वेळ आली की जागा अपुरी पडते. दाबाप्रमाणे आवाज लहानमोठा होतो असं खोक्यावर छापलंय. माझ्या हाताखाली त्याला दोनच आवाज माहीत आहेत: पुटपुटणं आणि ठो. हळू, त्याहून हळू, वाढवत नेणं, यातलं काहीही त्यावर घोटू नका. हात चुकीचा हिशेब शिकतो. वेगाचंही तेच. पट्टी हलकी असल्यामुळे वेग फुकटात मिळतो, आणि पार्ल्यात आल्यावर व्याजासकट परत द्यावा लागतो, विशेषतः चौथ्या आणि पाचव्या बोटाला.

मग त्यावर करायचं काय? मी जे करते ते असं. मेट्रोनोम, म्हणजे टकटक करून लय धरणारं यंत्र, नेहमीच्या निम्म्या गतीला. डावा हात एकटा, पूर्ण रचना. मग कुठल्याही मात्रेपासून, म्हणजे डोळे मिटून कागदावर बोट ठेवायचं आणि तिथून सुरू करायचं, पहिल्या ओळीपासून नाही. पाठांतर खरं झालंय की नुसती बोटं सवयीने धावतायत, हे यात उघड होतं. नवीन रचनेचे स्वर आणि बोटांचे क्रमांक बसवायलाही हे वाद्य पुरेसं आहे. गणपतीत मी एक अख्खं पान असं बसवलं आणि घरी येऊन त्यात फक्त जीव घालायचा बाकी राहिला. ग्रेडच्या परीक्षेची स्केल्सही यावर चालतात, हळू वाजवली तर. बाखच्या रचना सर्वात छान जमतात. त्याच्या काळी असं पेडल नव्हतंच, दोन हातांचे दोन स्वतंत्र आवाज ऐकू आले की झालं. रोमँटिक काळातलं काही मात्र नेऊ नका, पेडलशिवाय आणि स्पर्शाशिवाय ते वाजवताना वाईट वाटतं.

खरं तर प्रवासात सराव ही अडचण जुनीच आहे. पादेरेव्स्की हा नामांकित पोलिश पियानोवादक अमेरिकेत दौऱ्यावर रेल्वेच्या खाजगी डब्यात पियानो घेऊन फिरायचा. ते परवडत नसेल त्यांच्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेत व्हर्जिल प्रॅक्टिस क्लॅव्हियर नावाचं मुकं वाद्य निघालं होतं. त्याला पट्ट्या होत्या, तारा नव्हत्या. गंमत अशी की त्या मुक्या वाद्यात पट्टीचा जडपणा कमीजास्त करता यायचा. म्हणजे त्यांनी आवाज सोडून स्पर्श ठेवला, आणि आपल्याला विकलं जाणारं वाद्य स्पर्श सोडून आवाज ठेवतं. मला विचाराल तर सरावाला पहिली निवड जास्त शहाणपणाची, पण ती आज दुकानात मिळत नाही.

आणि वाद्याशिवायही बरंच होतं, हे मला या महिन्यांत जास्त पटलं. 1995 साली मेंदूचे अभ्यासक पास्कुआल-लिओन आणि सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केलेला प्रयोग पियानो शिकणाऱ्यांत बऱ्यापैकी माहीत आहे. पाच बोटांचा एक धडा, पाच दिवस, रोज दोन तास. एका गटाने तो वाजवला, दुसऱ्याने पट्ट्यांपुढे बसून बोटं न हलवता फक्त मनात वाजवला. मेंदूतला बोटांचा भाग दोन्ही गटांत जवळपास सारखाच विस्तारला. वाजवण्यात मनातला गट मागे होता, पण नंतर प्रत्यक्ष सरावाची दोन तासांची एकच बैठक दिल्यावर तोही बरोबरीला आला. माझा मांडवी एक्सप्रेसमधला सराव याच जातीचा. मांडीवर कागद, कानात आधीच उतरवून घेतलेलं ध्वनिमुद्रण, आणि डाव्या हाताची बोटं मनात मोजायची. ‘आधीच उतरवून’ हे महत्त्वाचं. रत्नागिरीच्या अलीकडे करबुड्याचा बोगदा साडेसहा किलोमीटरचा आहे आणि आपल्या नेटवर्कला बोगदे सोसत नाहीत. शेजारच्या काकांनी एकदा विचारलं, "परीक्षा आहे का?" हो म्हटलं. एरवी नुसतं कागदाकडे बघत पुटपुटणाऱ्या बाईबद्दल लोक भलतंच समजतात.

त्यामुळे चार दिवसांची सुट्टी असेल तर मी आता काहीच नेत नाही, फक्त कागद. आठवड्याच्या वर गेली की वाद्य. दिवाळीत विमानाने जाताना ते हातातल्या सामानात ठेवलं होतं. लिथियम बॅटरीची वस्तू तशीच नेलेली बरी, चेक-इनमध्ये टाकू नका. सुरक्षा तपासणीत उघडून दाखवायला सांगितलं आणि तिथल्या ताईंनी दोन सूर वाजवूनही बघितले.

टिकाऊपणाचं सांगायचं तर बॅटरी अजून तितकीच चालते. पावसात मात्र सगळ्यात वरच्या सप्तकातली एक पट्टी अर्धवट दबून राहायला लागली, कोरडी हवा आल्यावर सुटली. आता पिशवीत सिलिका जेलच्या पुड्या टाकते. सेवा केंद्राला पाठवलेल्या ईमेलला ‘आम्ही लवकरच संपर्क करू’ एवढंच उत्तर आलं, त्यालाही महिने झाले. जिथे कुठे घ्याल तिथे परत घेण्याची मुदत आधी वाचा आणि त्या मुदतीत सगळ्या 88 पट्ट्या एकेक करून वाजवून बघा.

रबरी, चटईसारखी गुंडाळायची वाद्यं याच भावाच्या खाली मिळतात. त्यांच्याकडे बघूही नका, बोटाला पट्टीची कडच सापडत नाही. ज्यांच्याकडे गाडी आहे आणि जे सुरुवातीच्या ग्रेडमध्ये आहेत, त्यांनी घडीच्या 88 पेक्षा चांगल्या कंपनीचा 61 पट्ट्यांचा, न घडी होणारा कीबोर्ड घ्यावा असं माझं मत झालंय. चार-पाच किलोंत मिळतो, मागच्या सीटवर मावतो, पट्ट्या यापेक्षा पुष्कळ बऱ्या असतात आणि मधोमध फट नाही. 61 पट्ट्या म्हणजे पाच सप्तकं, आणि मोत्सार्टच्या पियानोलाही पाचच होती. फक्त त्याची सुरुवात खालच्या एफपासून व्हायची आणि आजच्या 61 ची सी पासून होते, तेव्हा डाव्या हाताचे तळाचे काही सूर एक सप्तक वर घेऊन वाजवावे लागतील. कागदावर पेन्सिलने तशी खूण करून ठेवा, म्हणजे घरच्या पियानोवर बसल्यावर गोंधळ होत नाही.