मोंमार्त्रला चित्र काढून घेणार असाल तर आधी हे वाचा

मे महिन्यात आईला घेऊन पॅरिसला गेले होते. तिला आयफेल टॉवरपेक्षाही ओढ होती ती मोंमार्त्रच्या टेकडीची. आई चित्रकलेची शिक्षिका. पिकासोचा स्टुडिओ याच टेकडीवर होता, 'अविन्योच्या तरुणी' हे चित्र त्याने १९०७ साली इथेच रंगवलं, हे ती वर्गात सांगत आली होती.

साक्रे-केर चर्च पाहून (आत जायला पैसे लागत नाहीत, घुमटावर चढायला तिकीट आहे) आम्ही चित्रकारांच्या चौकाकडे, म्हणजे प्लास द्यू तेर्त्रकडे निघालो. चौकाच्या अलीकडच्या गल्लीतच एकजण हातात पॅड घेऊन आडवा आला. "इंडिया? नमस्ते, मदर!" म्हणेपर्यंत त्याची कोळशाची कांडी चालू झालीसुद्धा. मी किंमत विचारली, तर "पैशाचं नंतर, आवडलं तरच." तिथेच आईचा हात धरून पुढे जायला हवं होतं.

पाच मिनिटांत कागद गुंडाळून आईच्या हातात कोंबला आणि साठ युरो मागितले. नको म्हटल्यावर त्याचा जोडीदार येऊन अगदी खेटून उभा राहिला. दोघांचेही आवाज चढले. आईचा हात थरथरत होता. शेवटी चाळीस युरो, म्हणजे जवळपास चार हजार रुपये देऊन सुटका करून घेतली.

कागद उलगडला. आईच्या नाकातली चमकी नाही, हनुवटीवरचा तीळ नाही. डोळे, ओठ, मान सगळं साच्यातून काढलेलं. पुढे बाकावर एक मुलगी असाच कागद घेऊन बसली होती, त्यावरही हाच चेहरा, फक्त केस मोकळे. कोळसा पक्का केलेला नव्हता, तो आईच्या शालीला लागला. तीस वर्षं मुलांना 'आधी नीट बघा, मग काढा' सांगणारी आई एवढंच म्हणाली, "त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही गं."

चौकात ईझल मांडून बसलेल्या एका बाईंनी मग सगळं समजावलं. तिथे बसणाऱ्या चित्रकारांना पॅरिस महापालिकेचा परवाना लागतो, जागा ठरलेली असते, तीही जेमतेम एक चौरस मीटर. त्यांनी आपलं कार्डही दाखवलं. तेव्हा उभ्याने फिरत, पॅड घेऊन मागे लागणाऱ्यासमोर थांबूच नका. बसलेल्या चित्रकाराचं काम आधी पाहा, कागदाचा आकार आणि किंमत ठरवा, मगच खुर्चीत बसा. कुणी वाट अडवलीच तर सरळ जवळच्या दुकानात शिरा. पोलिसांचा नंबर १७, शिवाय ११२ही चालतो.

त्या बाईंचं काम खरंच सुंदर होतं. मी आईला म्हटलं, बस ना. ती नको म्हणाली. किती वर्षं मनात धरलेली हौस होती तिची. पैशांचं मी विसरले, पण ती हौस अशी मोडली याचा राग मात्र अजून जात नाही.