एसटीपीला जोडलेली अ‍ॅनॉक्सिक टाकी: पद्धत उत्तम, काम अर्धवट

पुण्यातील आमच्या सोसायटीचा एसटीपी (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्प) मूळचा एमबीबीआर पद्धतीचा, म्हणजे हवेच्या टाकीत फिरणाऱ्या प्लास्टिकच्या तुकड्यांवर जिवाणू वाढवणारा, असून त्याला अलीकडे नायट्रोजन काढण्यासाठी अ‍ॅनॉक्सिक (प्राणवायू न पुरवलेली) टाकी आणि पाणी मागे फिरवणारा पंप जोडून घेतला. कंत्राटदाराचे नाव येथे देत नाही. मात्र ज्या समित्यांपुढे अशा कामाचे कोटेशन आहे, त्यांच्यासाठी हा अभिप्राय.

राष्ट्रीय हरित लवादाच्या एप्रिल २०१९ च्या आदेशात एकूण नायट्रोजनची मर्यादा लिटरमागे १० मिलिग्रॅम आहे, आणि ‘एकूण’ हा शब्दच महत्त्वाचा. जुन्या रचनेत हवेच्या टाकीतील जिवाणू अमोनियाचे नायट्रेट करीत. त्यामुळे अहवालात अमोनिया जवळजवळ नाहीसा दिसे, पण नायट्रोजन पाण्यातच राही. नायट्रेटचा वायू होऊन तो निघून जाण्यासाठी विरघळलेला प्राणवायू नसलेली टाकी आणि जिवाणूंना खाद्य म्हणून कच्च्या सांडपाण्यातील सेंद्रिय द्रव्य लागते, म्हणून ही टाकी हवेच्या टाकीच्या आधी ठेवून नायट्रेटचे पाणी तिच्यात परत आणतात. येणाऱ्या पाण्याच्या दुप्पट पाणी फिरवले तर जास्तीत जास्त दोन तृतीयांश, तिप्पट फिरवले तर तीन चतुर्थांश नायट्रेट निघू शकते. त्यापुढे वीजबिलच अधिक वाढते. शिवाय एक ग्रॅम अमोनिया-नायट्रोजनचे नायट्रेट होताना खर्ची पडणाऱ्या ७.१४ ग्रॅम क्षारतेपैकी निम्मी येथे परत मिळते, त्यामुळे सोडियम बायकार्बोनेटच्या गोण्याही कमी लागतात.

इथवर तक्रार नाही. परंतु कंत्राटदाराने टाकी ढवळण्यासाठी मिक्सर न बसवता जुन्याच ब्लोअरची हवा तिच्यात सोडली, म्हणजे जेथे प्राणवायू नको तेथेच तो पुरवला. परिणाम ट्यूब सेटलरवर (तिरक्या नळ्यांच्या साहाय्याने गाळ खाली बसवणाऱ्या टाकीवर) उघड दिसू लागला: तळाशी बसलेला गाळ बारीक बुडबुड्यांसकट तुकड्यातुकड्यांनी वर येऊन तरंगे, कारण नायट्रेटचा वायू होण्याची क्रिया अ‍ॅनॉक्सिक टाकीऐवजी तेथे चालली होती. देखभालीच्या माणसाचा सल्ला होता, गाळ जाळीने काढून टाका! अखेर आम्ही स्वखर्चाने पाण्यात बुडणारा मिक्सर बसवला आणि हवेची नळी बंद केली, तेव्हा हा प्रकार थांबला.

पद्धतीची शिफारस मी निःशंकपणे करीन, या कंत्राटदाराच्या सेवेची मात्र नाही. कोटेशनमध्ये मिक्सर आणि डीओ मीटर (विरघळलेला प्राणवायू मोजणारे उपकरण) स्पष्ट लिहून घ्यावेत, आणि शेवटचा हप्ता केवळ अमोनियाच्या नव्हे, तर एकूण नायट्रोजनच्या अहवालानंतरच द्यावा.