व्हिटमर की ठाणेदार: मिशिगन, 2018

अमेरिकेतल्या मिशिगन राज्याच्या गव्हर्नरपदासाठी डेमोक्रॅटिक पक्षाच्या प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या निवडणुकीत, तीन उमेदवार होते; मराठी मंडळींचं लक्ष बेळगावच्या श्री ठाणेदारांवर. गरिबीतून वर आलेले रसायनशास्त्रज्ञ, उद्योजक. प्रचारात स्वतःचे लाखो डॉलर ओतले, टीव्हीवर जाहिरातींचा धडाका लावला. पण पक्षात मुळं रुजलेली नव्हती.

ग्रेचेन व्हिटमर यांच्याकडे नेमकं तेच होतं: राज्याच्या विधिमंडळातली चौदा वर्षं, तिथल्या सिनेटमधलं (वरिष्ठ सभागृहातलं) पक्षाचं नेतृत्व, कामगार संघटनांचं पाठबळ. शिवाय मुद्दा रोजच्या जिव्हाळ्याचा, खड्ड्यांनी चाळण झालेले रस्ते दुरुस्त करू!

आपला माणूस म्हणून ठाणेदारांचा अभिमान वाटतोच, पण राज्य चालवायला माझ्या मते व्हिटमरच सरस होत्या. 7 ऑगस्टला त्यांना सुमारे 52 टक्के मतं पडली. ठाणेदार तिसरे, 18 टक्क्यांच्या आसपास. पुढे 2022मध्ये ते डेट्रॉइटमधून अमेरिकी काँग्रेसवर, म्हणजे तिथल्या संसदेवर, निवडून गेले.